मीटर बोलू लागला, पण कोणाशी?

महिन्यातून एकदा वितरण कंपनीचा माणूस यावा, जिन्याखालच्या मीटरचे छायाचित्र काढावे आणि काही दिवसांनी वीजबिल दाराशी पडावे, ही पद्धत देशातल्या बहुतेक घरांच्या अंगवळणी पडली आहे. त्या मीटरला एकच गोष्ट सांगता येत असे: आजवर एकूण किती युनिट वापरले गेले. ते पहाटे वापरले की सायंकाळी, मधल्या काळात वीज किती वेळा गेली, दाब किती खाली आला, यांतले काहीच त्याच्यापाशी नव्हते. त्याच्या जागी आता बसवला जात असलेला स्मार्ट मीटर दर पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने वापराची नोंद करतो, ती बिनतारी मार्गाने पाठवतो आणि दुरून आलेली आज्ञा पाळून घराचा पुरवठा तोडतो वा जोडतो. ऊर्जेची बचत करणारे घर आणि शहर यांची जी चित्रे गेली दहा वर्षे रंगवली जात आहेत, त्यांचा भारतातला पाया हाच मीटर आहे. पंखे, दिवे, पाण्याचे पंप, छतावरचे सौर पॅनेल, वाहनांचे चार्जर या सगळ्यांचा हिशेब अखेर त्याच्यापाशी येऊन थांबतो.

म्हणून हा मीटर कोणाशी बोलतो, हे तपासून पाहणे आवश्यक ठरते. आतापर्यंतचा अनुभव असा की, तो वितरण कंपनीशी पुष्कळ बोलतो आणि ज्याच्या घरी तो बसला आहे त्याच्याशी फार थोडे. बचतीचे गणित नेमके त्या ठिकाणी अडले आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये सुधारित वितरण क्षेत्र योजना मंजूर केली. एकूण ३ लाख ३ हजार ७५८ कोटी रुपयांच्या या योजनेत केंद्राचे अर्थसाह्य ९७ हजार ६३१ कोटींचे आहे आणि तिचा सर्वांत मोठा भाग म्हणजे २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर. प्रत्यक्षात सुमारे २० कोटी मीटरना मंजुरी मिळाली. २०२५ च्या मध्यापर्यंत बसलेल्या मीटरची संख्या त्याच्या एक चतुर्थांशालाही पोहोचलेली नव्हती. योजनेची उद्दिष्टे वाचली की तिचा रोख ध्यानात येतो. तांत्रिक व वाणिज्यिक हानी १२ ते १५ टक्क्यांपर्यंत खाली आणणे आणि एका युनिटमागचा सरासरी खर्च व सरासरी महसूल यांतील तफावत शून्यावर आणणे, ही ती उद्दिष्टे. दोन्ही वितरण कंपनीच्या तिजोरीशी संबंधित आहेत. त्यात गैर काही नाही. तोट्यातली वितरण कंपनी वीजनिर्मात्यांचे पैसे थकवते, तारा व रोहित्रे बदलत नाही आणि तिचा भुर्दंड अखेर नियमित बिल भरणाऱ्यालाच बसतो. परंतु ज्या यंत्राची जाहिरात ‘तुमची वीज वाचेल’ अशी होते, ते यंत्र मुळात वसुलीसाठी आणले गेले आहे, हे आधी मान्य केले म्हणजे पुढच्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

या संदर्भात एक बाब सहसा बोलली जात नाही. देशाची तांत्रिक व वाणिज्यिक हानी २०२०-२१ मध्ये २२ टक्क्यांच्या वर होती. ती २०२२-२३ मध्ये १५ टक्क्यांच्या आसपास आली. ही घसरण मोठी आहे. पण त्या वेळी देशात बसलेल्या स्मार्ट मीटरची संख्या एक कोटीच्याही आत होती. राज्य सरकारांनी अनुदानाची थकबाकी वितरण कंपन्यांना चुकती करणे, सरकारी कार्यालयांची बिले भरली जाणे, कर्ज मिळण्यासाठीच्या अटी कडक होणे, अशा कारणांचा त्यात वाटा होता. मीटर उपयोगाचा नाही असा याचा अर्थ नव्हे; हानीचा मोठा भाग घराच्या मीटरपर्यंत येण्याआधीच घडत असतो, इतकाच आहे. म्हणूनच या योजनेत वाहिन्या आणि रोहित्रे यांवरही संवादक्षम मीटर बसवायचे आहेत. एका रोहित्रातून किती वीज गेली आणि त्याखालच्या घरांत मिळून किती मोजली गेली, हे दोन आकडे शेजारी ठेवले की चोरी किंवा गळती कोणत्या गल्लीत आहे ते कळते. बिनतारी मोजणीचा हा उपयोग खरोखर मोलाचा आहे आणि त्यावर वादही फारसा नाही.

मीटर बोलतो म्हणजे नेमके काय होते, ते थोडे समजून घेतले पाहिजे, कारण तक्रारींचे मूळ पुष्कळदा तेथे असते. भारतात मुख्यतः दोन पद्धती वापरल्या जातात. पहिलीत प्रत्येक मीटरमध्ये सिमकार्ड असते आणि तो मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून थेट मध्यवर्ती संगणकाशी जोडला जातो. दुसरीत मीटर एकमेकांशी रेडिओ लहरींनी बोलतात. एकाची नोंद शेजारचा मीटर घेतो, तो ती पुढच्याला देतो आणि अशी हातोहात ती खांबावरच्या संग्राहक पेटीपर्यंत पोहोचते. यासाठी ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासची लहरपट्टी वापरली जाते. ती भारतात परवान्याविना वापरता येते. दाट वस्तीत ही दुसरी पद्धत चांगली चालते, कारण एक वाट बंद झाली तर निरोप दुसऱ्या घरावरून जातो. विरळ वस्तीत, डोंगराळ कोकणात किंवा एकमेकांपासून लांब असलेल्या शेतघरांत साखळी तुटते. सिमकार्डाची पद्धत तेथे बरी. पण मुंबई-पुण्यातल्या उंच इमारतींच्या तळघरात, जेथे शेदीडशे मीटर एका बंद खोलीत असतात, तेथे मोबाइलचा संकेत पोहोचत नाही. शिवाय मोबाइल कंपन्या जुनी जाळी बंद करून नवी आणतात. दहा वर्षे टिकावा अशी अपेक्षा असलेल्या मीटरचे आयुष्य अशा वेळी त्याच्या आतल्या मोडेमवर अवलंबून राहते.

संपर्क तुटला म्हणून मोजणी थांबत नाही. मीटर नोंदी स्वतःच्या स्मृतीत साठवतो आणि संपर्क येताच पाठवतो. परंतु प्रीपेड खाते असेल तर एवढ्याने भागत नाही. पैसे भरल्याची बातमी मीटरपर्यंत पोहोचली नाही, तर शिल्लक असूनही घर अंधारात राहू शकते. उलट, तीन दिवसांच्या नोंदी एकदम आल्या तर खात्यातून मोठी रक्कम एकाच दिवशी वजा झालेली दिसते आणि मीटर ‘पळतो’ अशी समजूत होते. या समजुतीला उत्तर देणारा माणूस पूर्वी वीजमंडळाच्या कार्यालयात तरी भेटत असे.

दूरस्थ आज्ञेच्या सामर्थ्याचा पहिला मोठा धडा उत्तर प्रदेशाने घेतला. १२ ऑगस्ट २०२० रोजी, जन्माष्टमीच्या दिवशी, लखनऊसह त्या राज्यातल्या अनेक शहरांत स्मार्ट मीटर असलेल्या दीड लाखांहून अधिक ग्राहकांचा पुरवठा अचानक बंद झाला. तारा तुटल्या नव्हत्या, वीज कमी पडली नव्हती. मध्यवर्ती यंत्रणेतून चुकीची आज्ञा गेली होती. राज्य सरकारने चौकशी लावली आणि मीटर बसवण्याचे काम थांबवण्यात आले. ज्या तारेने पूर्वी एका घराची वीज तोडायला एका माणसाला शिडी घेऊन जावे लागे, तेथे आता एका ओळीच्या चुकीने शहर अंधारात जाऊ शकते, हे त्या दिवशी दिसले. त्यामुळे मीटरची आज्ञाप्रणाली किती जणांच्या हाती आहे, एका वेळी किती मीटर तोडता येतील यावर मर्यादा आहे का, हे प्रश्न बिलाच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहेत. ते विधिमंडळात किंवा नियामक आयोगाच्या सुनावणीत क्वचितच ऐकू येतात.

मे २०२४ मध्ये वडोदऱ्यात नागरिक रस्त्यावर आले. मराठी वस्ती पिढ्यानपिढ्या असलेल्या त्या शहरात प्रीपेड स्मार्ट मीटरमुळे रिचार्ज झपाट्याने संपतो, अशी तक्रार होती. अखेर पडताळणीसाठी काही ठिकाणी जुन्या पद्धतीचे मीटर नव्यांच्या शेजारी बसवण्याचा निर्णय गुजरात सरकारला घ्यावा लागला. महाराष्ट्रात महावितरणने सव्वादोन कोटींच्या आसपास मीटर बसवण्याची कंत्राटे दिली होती. जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर बसवले जाणार नाहीत असे जाहीर केले. त्यानंतर तेच तंत्र असलेले मीटर टीओडी मीटर या नावाने, महिनाअखेरीस बिल येण्याच्या जुन्याच पद्धतीवर बसू लागले. केरळने खासगी सेवापुरवठादाराने मीटर बसवून वर्षानुवर्षे भाडे घेण्याचे प्रारूपच नाकारले. याउलट बिहारने प्रीपेड मीटर सर्वांत आधी आणि मोठ्या संख्येने बसवले. तेथे रात्री वा सुटीच्या दिवशी शिल्लक संपली म्हणून पुरवठा तोडायचा नाही, अशी सवलत ठेवण्यात आली. इंदूरच्या वितरण कंपनीनेही या कामात बरीच आधी सुरुवात केली होती.

या राज्यांत मीटर जवळपास एकच आहे. वेगळी आहे ती पैसे घेण्याची रीत आणि ग्राहकाशी बोलण्याची रीत. वडोदऱ्यात किंवा नागपुरात ज्यांनी विरोध केला, त्यांना तंत्रज्ञानाचे वावडे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांतले बहुतेक जण फोनवरून भाजीचे पैसे देतात. मीटरमागे सुमारे १२ हजार रुपये, त्यात अनेक वर्षांची देखभाल धरलेली, केंद्राचे अनुदान त्यातल्या १५ टक्क्यांपर्यंत पण ९०० रुपयांहून अधिक नाही, आणि उरलेली रक्कम शेवटी वीजदरातून: एवढा हिशेब मांडला गेला की ‘यात माझा फायदा कोणता?’ हा प्रश्न स्वाभाविक होता. त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, म्हणून मीटर परत नेण्याची मागणी झाली.

फायदा असू शकतो, आणि तो कोठे असू शकतो हे पाहण्यासाठी घरात डोकवावे लागेल.

बाजारात स्मार्ट घराच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी अनेकींचा बचतीशी संबंध तुटपुंजा आहे. फोनवरून चालू-बंद होणारा ९ वॅटचा दिवा घ्या. तो दिवसातून दोन तास लावला तर १८ वॅट-तास वीज घेतो. परंतु फोनची आज्ञा ऐकण्यासाठी त्याचा रेडिओ उरलेले २२ तासही जागा असतो. त्या स्थितीत तो अर्धा वॅट घेत असेल तर ते ११ वॅट-तास झाले. म्हणजे प्रकाशासाठी १८ आणि वाट पाहण्यासाठी ११. भिंतीवरचे साधे बटन वाट पाहण्याचे पैसे घेत नाही. घरात असे एकेक वॅट घेणारे दहा जण सदैव जागे असतील, तर वर्षाकाठी ८७ युनिटांहून अधिक वीज त्यांच्या जागरणावर जाते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१४ च्या अहवालात जगभरातली जाळ्याला जोडलेली उपकरणे वर्षाला सुमारे ४०० अब्ज युनिट अशी वाया घालवतात, असे म्हटले होते. तेव्हापासून रेडिओ चिपा पुष्कळ काटकसरी झाल्या हे खरे. ब्लूटूथची कमी ऊर्जा घेणारी आवृत्ती, झिगबी, थ्रेड ही जाळी वाय-फायच्या तुलनेत फारच थोडी वीज घेतात. पण उपकरणांची संख्याही वाढली आहे.

याच्या तुलनेत भारताने केलेली सर्वांत मोठी बचत पाहा. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेत ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. सरकारी खरेदीत २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना मिळणारा दिवा दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांवर आला. त्या दिव्यात ना चिप होती ना अॅप. पंख्यांचेही तसेच. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो. बीएलडीसी मोटरीचा नवा पंखा साधारण ३० वॅटमध्ये तेच काम करतो. दिवसाला बारा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे १६० युनिटांची बचत होते. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ऊर्जा कार्यक्षमता विभागाचे तारांकन सक्तीचे झाले, हा निर्णय घरातल्या विजेच्या दृष्टीने कोणत्याही बोलक्या स्पीकरपेक्षा अधिक परिणामकारक आहे. वातानुकूलन यंत्रांना जानेवारी २०२० पासून सुरू होताच २४ अंशांवर येण्याचे बंधन आहे. तापमान एक अंशाने वाढवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा याच विभागाचा अंदाज आहे.

जोडलेल्या उपकरणांचा आणखी एक धोका ग्राहकाला उशिरा कळतो. त्यांची बुद्धी अनेकदा उपकरणात नसते, कंपनीच्या सर्व्हरवर असते. गूगलच्या छत्राखालच्या नेस्टने २०१६ च्या मे महिन्यात रिव्हॉल्व्ह नावाच्या गृहनियंत्रण पेटीची सेवा बंद केली आणि विकत घेतलेली पेटी एका दिवसात निरुपयोगी झाली. निरनिराळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकींशी बोलाव्यात यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर हे सामाईक मानक आले. त्यात उपकरणांना घरातल्या घरात, बाहेरच्या सर्व्हरविना बोलता येते. विकत घेताना हे चिन्ह पाहण्याचा सल्ला आता निःसंकोच देता येतो.

मग बिनतारी जोडणीने बचत होते कोठे? जेथे वीज किती वापरली यापेक्षा केव्हा वापरली याला अधिक किंमत आहे, तेथे. आणि भारतात ही किंमत झपाट्याने वाढते आहे.

३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटवर गेली आणि ती पुरवली गेली. ती दुपारची वेळ होती. सौर वीज मदतीला होती. देशाची सौर क्षमता २०२५ च्या आरंभी १०० गिगावॅटच्या पुढे गेली असल्यामुळे दुपार आता तुलनेने सोपी झाली आहे. अवघड झाली आहे ती सायंकाळ. सूर्य मावळतो, घरोघरी दिवे, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे सुरू होतात आणि तासाभरात औष्णिक व जलविद्युत केंद्रांना मोठी झेप घ्यावी लागते. बाजारात त्या तासांची वीज सर्वांत महाग असते. घराला मात्र दुपारचे युनिट आणि रात्री आठचे युनिट एकाच दराने मिळत आले आहे. जुना मीटर वेळ सांगू शकत नव्हता, म्हणून दरही वेळ ओळखत नव्हता.

केंद्राने जून २०२३ मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीने हे बदलायचे ठरवले. सौर तासांतला दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी आणि सर्वाधिक मागणीच्या तासांतला दर घरगुती ग्राहकांसाठी किमान १० टक्के जास्त असावा, आणि शेती वगळता सर्वांना १ एप्रिल २०२५ पासून तो लागू व्हावा, असे त्यात म्हटले आहे. अट अर्थात स्मार्ट मीटर बसलेला असण्याची. प्रत्यक्ष दर राज्यांचे नियामक आयोग ठरवतात, त्यामुळे सर्वत्र ते एका दिवशी आले नाहीत. महावितरणने १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू केली. मीटरच्या बाजूने ग्राहकाला सांगता येईल अशी ही पहिली ठोस गोष्ट होती. ती मीटर बसवण्याच्या आधी सांगितली असती तर पुष्कळ कटुता टळली असती.

या सवलतीचा लाभ सर्वांना सारखा होणार नाही. दिवसभर घर बंद ठेवून कामाला जाणाऱ्या जोडप्याला दुपारची स्वस्त वीज काय कामाची? एका खोलीत दोन दिवे, एक पंखा आणि एक टीव्ही असलेल्या घराकडे पुढे-मागे सरकवण्यासारखे काही नसते. सरकवता येण्याजोगा भार म्हणजे पाण्याचा पंप, गिझर, कपडे धुण्याचे यंत्र, ई-स्कूटरचा चार्जर आणि थोड्या प्रमाणात वातानुकूलन. आणि तो सधन घरांत अधिक आहे. म्हणजे सायंकाळचा दर चढवला तर गरीब घर भुर्दंड भरेल आणि दुपारचा उतरवला तर श्रीमंत घर लाभ घेईल. कमी वापराच्या घरांना सायंकाळच्या वाढीव दरातून वगळणे हा यावरचा सरळ उपाय आहे. नियामक आयोगांना तसे करण्यापासून काही अडवत नाही.

सरकवण्याचे काम दरवेळी माणसाने आठवणीने करावे ही अपेक्षा मात्र व्यर्थ आहे. येथेच जोडलेली उपकरणे कामाला येतात. टाटा पॉवरने २०२३ मध्ये मुंबईत ऑटोग्रिड या कंपनीच्या सहकार्याने, मागणी चढेल तेव्हा ग्राहकांनी वापर काही काळ कमी करावा असा कार्यक्रम विस्तारला. सुरुवातीचे उद्दिष्ट ७५ मेगावॅट मागणी कमी करण्याचे होते. मुंबईसारख्या, बाहेरून वीज आणण्याच्या मर्यादा असलेल्या शहरात एवढी मागणी अर्धा तास पुढे ढकलणे म्हणजे एक लहानसे वीजकेंद्र न बांधता मिळवण्यासारखे आहे. हजारो वातानुकूलन यंत्रांचे तापमान वीस मिनिटांसाठी एका अंशाने वाढले तर घरातल्या माणसाला ते जाणवतही नाही. पण यासाठी ग्राहकाची संमती हवी, त्याला मोबदला हवा आणि नको असेल तेव्हा ‘आज नाही’ म्हणण्याची मुभा हवी.

शहराच्या पातळीवर चित्र याहून संमिश्र आहे. केंद्राच्या पथदीप योजनेत १ कोटी ३० लाखांहून अधिक दिवे एलईडीचे झाले. त्यांच्या नियंत्रण पेट्यांत सिमकार्डे बसवली गेली, जेणेकरून दिवे सूर्यास्त-सूर्योदयाप्रमाणे आपोआप चालू-बंद व्हावेत आणि बिघाड तक्रारीआधी कळावा. विजेची बचत प्रामुख्याने दिवा बदलल्याने झाली. जोडणीचा लाभ पुढे टिकला नाही अशी शहरे पुष्कळ आहेत: पालिकांनी सेवापुरवठादाराचे पैसे थकवले, देखभाल थांबली, पेटीतले सिमकार्ड बंद पडले आणि दिवे भर दुपारी जळत राहिले. स्मार्ट शहर अभियानात शंभरही शहरांत एकात्मिक नियंत्रण केंद्रे उभी राहिली. ३१ मार्च २०२५ रोजी अभियान संपले. आता त्या मोठ्या पडद्यांचा आणि त्यामागच्या माणसांचा खर्च पालिकांना स्वतःच्या उत्पन्नातून करायचा आहे.

पालिकेच्या वीजबिलातली मोठी रक्कम बहुधा पथदिव्यांची नसते, पाणी उपसण्याची असते. बेंगळुरूला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, जवळपास पाचशे मीटर उंच चढवून आणावे लागते. आपल्या शहरांत असे चढवलेले पाणी तिसऱ्या हिश्शाहून अधिक प्रमाणात गळतीत, चोरीत किंवा मोजणीविना जाते, असे सरकारी आकडे सांगतात. त्या प्रत्येक थेंबाबरोबर वीज गेलेली असते. जलवाहिनीवर दाब मोजणारे आणि बॅटरीवर काही वर्षे चालणारे बिनतारी संवेदक बसवून रात्री तीन वाजता, जेव्हा पाणी कोणी वापरत नाही, तेव्हाचा प्रवाह पाहिला की गळती उघडी पडते. असे काम दिसायला दिमाखदार नसते. त्याच्या उद्घाटनाला फीत कापता येत नाही. ऊर्जाबचतीच्या दृष्टीने शहराच्या पैशाचा याहून चांगला विनियोग सापडणे कठीण आहे.

मीटरच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट असते: घरातल्यांचे जगणे. पंधरा मिनिटांच्या नोंदींवरून घर केव्हा उठते, केव्हा रिकामे असते, कुटुंब गावाला गेले आहे का, हे कळते. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये खासगीपणाच्या मुद्द्यावर सक्तीच्या स्मार्ट मीटरचे विधेयक अडवले आणि नंतर ग्राहकाला नकाराचा पर्याय देऊन ते मीटर आले. अमेरिकेत नेपरव्हिल शहराविरुद्धच्या खटल्यात अपील न्यायालयाने २०१८ मध्ये, पंधरा मिनिटांच्या नोंदी गोळा करणे ही घटनेच्या अर्थाने ‘झडती’ आहे असे मान्य केले. वीजव्यवस्थेसाठी ती वाजवी असल्याने परवानगी दिली, पण पोलिसांच्या हाती ती सहज लागत असती तर निकाल वेगळा लागला असता असेही सूचित केले. भारतात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला. व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ चे, आणि त्यांतील बहुतेक बंधने टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत. कोट्यवधी मीटर त्याआधीच बसले. नोंदी सेवापुरवठादाराकडे किती काळ राहतात आणि कंत्राट संपल्यावर त्यांचे काय होते, हे वितरण कंपन्यांनी ग्राहकाला त्याच्या भाषेत, एका पानात सांगणे सहज शक्य आहे.

ग्राहकाच्या हाती आज जे आहे, तेही थोडके नाही; ते फारसे माहीत नाही. २०२३ च्या नियमांप्रमाणे स्मार्ट मीटर दिवसातून किमान एकदा दूरस्थ वाचला गेला पाहिजे आणि ती माहिती ग्राहकाला दिली गेली पाहिजे. मीटर बसण्याआधीच्या काळासाठी, त्याने नोंदवलेल्या कमाल मागणीच्या आधारे दंड लावता येत नाही. मंजूर भार एखाद्या वेळी ओलांडला म्हणून लगेच वाढवता येत नाही. आर्थिक वर्षात किमान तीनदा ओलांडला गेला पाहिजे. आणि फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनुसार, मीटर जास्त मोजतो अशी तक्रार केल्यास पाच दिवसांत पडताळणीचा दुसरा मीटर लावून किमान तीन महिने वापर ताडून पाहण्याची जबाबदारी वितरण कंपनीची आहे. वडोदऱ्यातले आंदोलन यानंतर तीन महिन्यांनी झाले. तक्रार करणाऱ्याला हा नियम खिडकीवर सांगितला गेला असता, तर तो रस्त्यावर आला नसता.

दिवसातून एकदा माहिती देण्याची अट मात्र फार सैल आहे. कालचा एकूण वापर पाहून गिझर किती घेतो ते कळत नाही. ब्रिटनमध्ये मीटरबरोबर घरात ठेवण्याचा छोटा पडदा विनामूल्य दिला जातो. गिझर लावताच त्यावरचा आकडा उसळतो आणि घरातले लहान मूलही तो वाचते. आपल्याकडे मीटर जिन्याखाली, पार्किंगमध्ये किंवा कुलूपबंद खोलीत. त्याची माहिती अॅपमध्ये, आणि तीही पुष्कळदा एक दिवस शिळी. नोंदी पंधरा मिनिटांच्या असताना त्या तशाच ग्राहकाला, आणि त्याच्या संमतीने त्याने निवडलेल्या उपकरणाला, खुल्या स्वरूपात देण्याचे बंधन राज्यांचे आयोग पुढच्या दरआदेशात घालू शकतात. तसे झाले तर पंपाचा टायमर किंवा चार्जर दर पाहून स्वतःच सुरू होऊ शकेल. तूर्त महाराष्ट्रातल्या सवलतीचे तास सकाळी नऊला सुरू होतात, आणि असंख्य सोसायट्यांत गच्चीची टाकी भरणारा पंप अजूनही पहाटे पाचलाच चालू होतो.